डोंगर बाजूनेही दाबतो

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जिथे पठार एकाएकी संपतं, तिथे घाटघर आहे. अहिल्यानगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणून या गावाचं नाव दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत झळकतं. कर्जत-जामखेडकडे अख्ख्या वर्षात पडत नाही इतका पाऊस इथे जुलैतल्या काही दिवसांत कोसळतो. कड्याच्या काठाशी गेलं की खाली थेट ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका दिसतो. वर एक जलाशय, खाली चोंढ्याजवळ दुसरा आणि दोघांच्या पातळीत चारशे मीटरांच्या आसपास फरक. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडायचं आणि वीज घ्यायची. वीज शिलकीत असली की तीच यंत्रं उलटी फिरवून तेच पाणी पुन्हा वर चढवायचं. हा घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प. १२५ मेगावॉटचे दोन संच, एकूण २५० मेगावॉट. २००८ साली तो चालू झाला. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणं आपल्या देशात पहिल्यांदा इथेच बांधली गेली.

धरणं दिसतात, त्यामुळे त्यांचं कौतुक होतं. मला मात्र या प्रकल्पातला न दिसणारा भाग जास्त थक्क करतो. ही यंत्रं डोंगराच्या पोटात कोरलेल्या दालनात बसवली आहेत. पाणी बोगद्यांतून तिथे येतं, बोगद्यांतून बाहेर पडतं, माणसंही बोगद्यातूनच आत जातात. सह्याद्रीच्या कड्याआड, काळ्या पाषाणात, एवढी मोठी पोकळी करून ठेवायची आणि ती पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहायला हवी. ती राहते कशी?

पहिलं उत्तर कुणालाही सुचेल असं आहे. डोक्यावर डोंगर आहे, डोंगराला वजन आहे, म्हणून छत भक्कम करा. बोगद्याला आतून काँक्रीटचं अस्तर द्या आणि ते वरच्या बाजूला जाड ठेवा. कित्येक वर्षं अभियंतेही याच दिशेने विचार करत होते. आणि वजन आहे हे खरंच. घनमीटरभर बेसॉल्ट सुमारे २.७ टन भरतो. जमिनीखाली २०० मीटरवर प्रत्येक चौरस मीटरवर ५४० टन ओझं येतं, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५४ किलो. अभियंते हेच ५.४ मेगापास्कल असं लिहितात. हा आकडा पुढे पुन्हा लागणार आहे.

पण डोंगर फक्त वरून दाबत नाही. तो बाजूनेही दाबतो, आणि पृथ्वीवर असंख्य ठिकाणी, विशेषतः जमिनीपासून काहीशे मीटरांच्या आत, बाजूचा दाब वरच्यापेक्षा जास्त असतो. कधी दुप्पट, कधी तिप्पट. बोगद्याचं अस्तर आखणाऱ्यासाठी याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट क्वचितच असेल.

हे माणसाच्या ध्यानात यायला बराच काळ गेला. स्विस भूशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम यांनी १८७८ मध्ये आल्प्समधल्या बोगद्यांचा विचार करताना मांडलं की खूप खोलवर खडकातला दाब सगळ्या बाजूंनी सारखाच होत असणार. पुढे लवचिकतेच्या गणिताने दुसरं उत्तर दिलं. खडकाचा ठोकळा वरून दाबला की तो बाजूला फुगू पाहतो, शेजारचा खडक त्याला फुगू देत नाही आणि त्या अडवणुकीतून जो बाजूचा दाब तयार होतो तो वरच्या दाबाच्या जेमतेम एक-तृतीयांश असतो. गणित चोख होतं. मग नील्स हास्ट या स्वीडिश संशोधकाने स्कँडिनेव्हियातल्या खाणींत उतरून प्रत्यक्ष मोजमाप घेतलं आणि १९५८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आडवा दाब उभ्या दाबापेक्षा जास्त निघाला, तोही कितीतरी पटींनी. १९७८ मध्ये हूक आणि ब्राउन यांनी जगभरची अशी मोजमापं एका आलेखावर मांडली, तेव्हा चित्र स्पष्ट झालं: उभा दाब खोलीबरोबर हिशेबाप्रमाणे वाढतो, आडवा दाब मात्र उथळ भागात वाटेल तसा विखुरलेला असतो.

हा जादा दाब येतो कुठून? एक उत्तर फार दूरवर आहे. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने ईशान्येकडे सरकतो आहे आणि हिमालयाशी अडला आहे. त्या धडकेचा रेटा मागे, साऱ्या द्वीपकल्पात पसरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतले गौड, श्रीराम राव आणि गौर यांनी १९९२ मध्ये भारतातल्या अशा दाबांच्या दिशा एकत्र मांडल्या. द्वीपकल्पाच्या बऱ्याच भागात सर्वांत मोठा आडवा दाब साधारण उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य या रेषेत लागतो. म्हणजे अकोल्याच्या डोंगरातल्या एखाद्या दगडावर असलेल्या दाबात हिमालयाचा वाटा असू शकतो. हे वाचताना माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो.

महाराष्ट्राने हा आडवा रेटा फार मोठी किंमत मोजून पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा जमिनीखालचा एक तुकडा दुसऱ्यावर चढला. असं घडायला आडवा दाब सर्वांत मोठा आणि उभा सर्वांत लहान असावा लागतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात दोन तुकडे एकमेकांना घासत आडवे सरकले. तिथे एका दिशेचा आडवा दाब सर्वांत मोठा, दुसऱ्या दिशेचा सर्वांत लहान आणि उभा दाब दोहोंच्या मध्ये, अशी रचना असते. दोन्ही ठिकाणी पुढाकार आडव्या दाबाचाच. कोयनेला पुढे शास्त्रीय अभ्यासासाठी सुमारे तीन किलोमीटर खोल भोक घेतलं गेलं. त्यात बेसॉल्टचीच जाडी १२०० मीटरांहून अधिक निघाली आणि खडकातला दाबही मोजला गेला.

दुसरं उत्तर जवळचं आहे आणि मला ते जास्त विलक्षण वाटतं. समजा एखाद्या ठिकाणचा खडक पूर्वी ७०० मीटर खोल होता आणि तिथे दाब सगळीकडून सारखाच, १८.९ मेगापास्कल होता. लाखो वर्षांच्या पावसाने वरचा ५०० मीटर खडक झिजवून नेला. उभा दाब १३.५ ने उतरला आणि उरला ५.४. आडवा दाब मात्र तेवढा उतरत नाही. तो उभ्या दाबाच्या उताराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने, म्हणजे ४.५ ने उतरतो. उरतो १४.४. आता तो खडक २०० मीटरवर आहे, आणि आडवा दाब उभ्याच्या २.७ पट आहे. वरचं ओझं नाहीसं होऊन युगं लोटली, तरी बाजूची पकड सुटलेली नाही.

आता या दाबलेल्या खडकात भोक पाडू.

१८९८ मध्ये एर्न्स्ट कीर्श या जर्मन अभियंत्याने गोल भोकाभोवती दाब कसा वळतो याचं सूत्र काढलं. खडक नाहीसा झाला तरी त्याने पेललेला दाब नाहीसा होत नाही. तो भोकाला वळसा घालून जातो आणि वळणावर गर्दी करतो. बाजूने येणारा दाब छतावरून आणि तळाखालून वळतो. वरून येणारा दाब दोन्ही भिंतींतून उतरतो. त्यामुळे छतातला दाब म्हणजे आडव्या दाबाची तिप्पट वजा उभा दाब. भिंतीतला दाब म्हणजे उभ्याची तिप्पट वजा आडवा. एवढंच सूत्र. आपला २०० मीटरचा आकडा घालून पाहू. उभा ५.४, आडवा त्याच्या दुप्पट, १०.८. छतात २७ मेगापास्कल, भिंतीत फक्त ५.४. आडवा दाब तिप्पट केला तर छतात ४३, आणि भिंतीत शून्य. त्याहून वाढवला की भिंतीतला खडक दाबाऐवजी ताणाखाली येतो, आणि ताण दगडाला फारसा सोसवत नाही.

छत फुटतं हे आपल्याला आधीच माहीत होतं, असं कुणी म्हणेल. फुटण्याचं कारण मात्र आता उलटं झालं. वरचं ओझं पडतंय म्हणून छत फुटत नाही, दोन्ही बाजूंनी आवळलं गेल्यामुळे त्याचे पातळ पापुद्रे सुटतात. त्याच वेळी तळही आवळला जातो आणि वर उचलला जातो. अशा जागी फक्त छत जाड करून तळ सपाट सोडणारा माणूस अर्धाच बोगदा बांधतो.

कीर्शच्याच गणितातून हालचालही काढता येते. पाच मीटर त्रिज्येचा बोगदा, मध्यम प्रतीचा खडक आणि आडवा दाब दुप्पट. भिंत आत येते सुमारे चार मिलिमीटर, छत खाली येतं एका मिलिमीटरपेक्षा कमी. आडवा दाब तिप्पट झाला की छत जागचं हलतच नाही. त्याहीपुढे गेला की छत वर सरकतं! डोक्यावर दोनशे मीटर पाषाण आहे, खालचा आधार आपण काढून घेतला, आणि छत वर गेलं. हे कागदावरचं कोडं नाही, चांगल्या खडकात ते असंच घडतं. भूमिगत बांधकामातली याहून आश्चर्याची गोष्ट मला माहीत नाही.

तर मग आकार कसा निवडायचा? आडवा दाब उभ्याच्या जितक्या पट, तितक्या पट रुंदी उंचीपेक्षा जास्त ठेवायची, आणि बोगदा लंबगोल करायचा. दुप्पट दाब असेल तर रुंदी उंचीच्या दुप्पट. मग कडेवर सगळीकडे दाब एकसारखा, १६.२ मेगापास्कल, छतातला २७ चा डोंगर उतरला आणि भिंतीतली दाबाची उणीव भरून निघाली. प्रत्यक्षात पाण्याच्या बोगद्याला किंवा रस्त्याला असा आडवा अंडाकार नेहमी परवडत नाही. पण दिशा कळते: सरळ उंच भिंती टाळा, कोपरे गोल करा, तळालाही कमान द्या. आपल्याकडे डी आकाराचे आणि घोड्याच्या नालेसारखे बोगदे सर्रास घेतात, कारण सपाट तळावरून डंपर धावू शकतो. आडवा दाब मोठा असला की या आकाराचे सरळ पाय आत वाकू पाहतात आणि तळाचे दोन कोपरे दाबाचे अड्डे बनतात.

नगरच्या शेतकऱ्याला यातला अर्धा भाग शिकवावा लागत नाही. त्याची बांधीव विहीर गोल असते. मुरूम-मातीचा रेटा चहूबाजूंनी आत येतो, आणि गोल कड्यातला प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर टेकून तो रेटा वाहून नेतो. चौकोनी विहिरीची सरळ भिंत त्याच रेट्याने पोटात येते. बोगदा म्हणजे आडवी घातलेली विहीर. फरक एवढाच की विहिरीला सगळ्या बाजूंनी रेटा जवळपास सारखा असतो, आणि बोगद्याला तो सारखा नसतो.

याच असमान रेट्यामुळे अस्तराचं गणित गमतीदार होतं. आपल्याला वाटतं, दाब मोठा म्हणून अस्तर जाड हवं. पण जाड काँक्रीटचं कडं ताठ असतं. बाजूने आवळलं की ते वाकायला नकार देतं, सगळा वाकवणारा जोर स्वतःवर ओढून घेतं आणि मोडतं. पातळ कडं खडकाबरोबर किंचित लंबगोल होतं. ते जरा वाकलं की बाजूचा खडक सैलावतो, छतामागचा खडक कड्याला टेकवून धरतो, आणि असमान दाब समान व्हायला लागतो. अमेरिकेतले राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये लवचिक अस्तराचा हा फायदा ठासून सांगितला होता. ऑस्ट्रियातल्या राब्त्सेविच यांच्या पद्धतीचा गाभाही तोच: डोंगर अस्तराने पेलायचा नाही. डोंगराने स्वतःला पेलायचं, अस्तराने त्याला मोडू द्यायचं नाही.

म्हणून आजच्या बोगद्यात आधी येतो शॉटक्रीट, म्हणजे नळीतून जोराने मारलेला काँक्रीटचा पातळ थर. त्यात जाळी किंवा पोलादाचे तंतू असतात. मग रॉक बोल्ट: खडकात काही मीटर खोल भोकं घेऊन सिमेंटने पक्क्या केलेल्या पोलादी सळया. त्या सैल पडू पाहणारे थर एकत्र शिवून टाकतात. आडवा दाब मोठा असेल तिथे या सळया छतात दाट लागतात, कारण पापुद्रे तिथून सुटतात, आणि उंच दालनाच्या भिंतींत लांब लागतात, कारण भिंती आत येतात. साचा लावून ओतलेलं काँक्रीटचं अस्तर सर्वांत शेवटी, खडक निवांत झाल्यावर.

निवांत झाला हे कसं कळतं? भिंतींत आणि छतात पिना बसवून त्यांच्यातलं अंतर रोज मोजतात. बोगदा पुढे सरकत असताना खडक आत येण्यातला जवळपास एक-तृतीयांश भाग खोदकामाचं तोंड तिथे पोचेपर्यंत होऊन गेलेला असतो, म्हणजे आपण पाहायच्या आधीच. उरलेला भाग ते तोंड बोगद्याच्या रुंदीच्या दीड-दोन पट पुढे जाईपर्यंत होतो. कागदावर रोजचा ठिपका मांडत गेलं की रेघ आधी चढते आणि मग आडवी होते. ती आडवी झाली की अस्तर ओता. त्याआधी ओतलं तर डोंगराचा उरलेला सगळा रेटा अस्तराच्या वाट्याला येतो, आणि आधाराशिवाय फार थांबलं तर खडक सैल होऊन कोसळतो. दोन-तीन मिलिमीटरांच्या या खेळात काही दिवसांचा अंदाज चुकला तरी महागात पडतं.

आता पुन्हा अकोल्यात. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड, कुठेही नजर टाका, डोंगरावर आडव्या रेषा दिसतात. प्रत्येक पट्टा म्हणजे लाव्ह्याचा एक लोट, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. घट्ट काळा बेसॉल्ट फार मजबूत असतो, शंभर मेगापास्कल सहज पेलतो, पण निवताना आकसल्यामुळे त्यात उभ्या भेगा पडलेल्या असतात. बुडबुड्यांचा, पांढऱ्या खनिजांनी भरलेला बेसॉल्ट तुलनेने मऊ, पण त्यात भेगा कमी. दोन लोटांच्या मध्ये कधी ज्वालामुखी ब्रेशिया, म्हणजे दगडांचे तुकडे जुळून झालेला खडक, कधी लाल मातीचा थर, ज्याला बोगद्यावरची माणसं रेड बोल म्हणतात. आडवा रेटा या थरांत सारखा वाटला जात नाही. ताठ थर जास्त दाब उचलतात, मऊ थर कमी. त्यामुळे एकाच बोगद्यात काही मीटरांवर परिस्थिती बदलते: २७ मेगापास्कल दाब घट्ट बेसॉल्टच्या छताला काहीच वाटत नाही, आणि ब्रेशियाचं छत त्याच्या निम्म्या दाबालाही पापुद्रे टाकू शकतं. त्यात भर अशी की उभ्या भेगांच्या खांबांना आडवा दाब उपकारकच ठरतो. तो खांब एकमेकांवर आवळून धरतो. आडवा दाब अगदी कमी असेल तर हेच खांब छतातून सुटे होऊन खाली येतात. म्हणजे फार दाब वाईट, आणि दाबच नसणं त्याहून वाईट.

घाटघरच्या जागेची खरी गंमत इथे सुरू होते. पठाराच्या मध्यावर खडकाला सगळीकडून शेजारी असतो. कड्याजवळ पश्चिमेला शेजारीच नाही, हवा आहे. जिकडे टेकायला काही नाही तिकडचा आडवा दाब टिकत नाही. कड्याला समांतर दाब मात्र टिकतो, आणि मोठ्या नकाशावर पाहिलं तर सह्याद्रीची धार साधारण दक्षिणोत्तर आहे, देशव्यापी रेट्याच्या दिशेपासून फार तिरकी नाही. कड्याच्या पायथ्याशी तर दाब पुन्हा एकवटतो, उताराच्या पृष्ठाला समांतर वळतो. थोडक्यात, वरचा जलाशय ते खालचा जलाशय या वाटेवर पाणी उतरतं तसा खडकातला दाबही दिशा आणि मोठेपण बदलत जातो. दालन खोदताना म्हणूनच त्याच्या लांबीची दिशा जपून ठरवतात. लांबी सर्वांत मोठ्या आडव्या दाबाच्या रेषेत ठेवली की लांब उंच भिंतींवर लहान दाब येतो. पण भेगांची दिशाही बघावी लागते, कारण भिंतीला समांतर धावणारी भेग भिंतीचा आख्खा पापुद्रा सोडवू शकते. दोन्ही मागण्या जुळल्या तर नशीब. नाही तर तडजोड.

पाण्याच्या बोगद्यात तर हाच आडवा दाब शत्रू न राहता मित्र होतो. चारशे मीटर उंचीच्या पाण्याचा स्तंभ तळाशी सुमारे ४ मेगापास्कल जोराने बाहेरच्या दिशेने रेटतो, चौरस सेंटिमीटरला ४० किलो. काँक्रीटचं अस्तर एवढा ताण सोसत नाही, त्याला तडे जातात आणि पाणी खडकाच्या भेगांत शिरतं. तिथे ते भेगा उचकटू पाहतं. उचकटता येतील की नाही हे खडकातला सर्वांत लहान दाब ठरवतो. आपल्या २०० मीटरवर आडवा दाब उभ्याइतका, ५.४, असेल तर पाण्याच्या ४ ला खडक दाद देत नाही. साधं काँक्रीट पुरतं, कधी अस्तराशिवायही चालतं. तोच आडवा दाब कड्याच्या शेजारी ढासळून १.६ वर आला असेल तर पाणी भेग फोडत थेट कड्याच्या तोंडावर निघेल. तिथे पोलादी नळीच हवी, म्हणजे बोगद्यात पोलादाचं अस्तर आणि त्याच्या मागे काँक्रीट. कुठल्या मीटरपासून पोलाद सुरू करायचं या एका प्रश्नावर अशा योजनांत कोट्यवधी रुपये अवलंबून असतात.

पोलादाची स्वतःची एक भीती असते. दुरुस्तीसाठी बोगदा रिकामा केला की आतला दाब जातो, पण बाहेर खडकात मुरलेलं पाणी तिथेच असतं. ते नळीला बाहेरून दाबतं, आणि नळी आत पिचकते. भरलेली असताना फुटू नये म्हणून बसवलेलं अस्तर रिकामं झाल्यावर पिचकू नये, म्हणून त्याला बाहेरून कडी लावतात आणि मागच्या पाण्याला निचऱ्याची वाट करून देतात. उदंचन प्रकल्पात पाण्याची दिशा रोज उलटते, दाब रोज चढतो आणि उतरतो. घाटघरच्या पावसात डोंगराच्या भेगा महिनोन्‌महिने भरलेल्या राहतात हेही ध्यानात घ्या.

हे सगळं ज्या आकड्यावर उभं आहे, तो खडकातला दाब, डोळ्याला दिसत नाही. तो खडकाला विचारावा लागतो. विचारण्याची एक रीत अशी. बोगद्याच्या भिंतीत दोन पिना बसवायच्या आणि त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून ठेवायचं. मग दोघींच्या मधोमध करवतीने एक अरुंद, आडवी खाच कापायची. खाच कापली की आवळलेला दगड मोकळा होतो आणि पिना किंचित जवळ येतात. मग दोन पोलादी पत्र्यांच्या कडा जोडून केलेला पातळ, चपटा जॅक त्या खाचेत बसवायचा, भोवतीची फट मसाल्याने भरून घट्ट करायची आणि हातपंपाने त्यात तेल भरत जायचं. जॅक फुगतो, दगडाला मागे ढकलतो, पिना हळूहळू लांब जातात. ज्या क्षणी त्या अगदी पहिल्या अंतरावर येतात, त्या क्षणी दाबमापकावरचा आकडा वाचायचा. खाच कापण्याआधी दगडावर तेवढाच दाब होता. भिंतीतली आडवी खाच उभा दाब सांगते, छतातली बोगद्याच्या लांबीने कापलेली खाच आडवा दाब सांगते; आणि बोगद्यामुळे हे दाब मुळातून बदललेले असल्याने कीर्शच्या सूत्रातून उलटं जाऊन मूळ आकडा काढावा लागतो. वाफेवर किंवा विजेवर चालणाऱ्या कुठल्याही भल्यामोठ्या यंत्रापेक्षा हा हातपंप मला जास्त हुशार वाटतो.

दुसरी रीत खोल भोकातली. भोकाचा मीटरभर तुकडा वरून-खालून रबरी बुचांनी बंद करतात आणि त्यात पाणी दाबतात. एका दाबाला खडक तडकतो. पंप थांबवला की दाब उतरतो आणि एका आकड्यावर टेकतो. तो आकडा म्हणजे तड मिटवू पाहणारा सर्वांत लहान आडवा दाब. मग मऊ रबराचं आवरण असलेलं बूच आत फुगवून तडीचा ठसा घेतात. तड ज्या दिशेला, त्या दिशेला सर्वांत मोठा आडवा दाब. पाणी जे उद्या बोगद्यात करू पाहणार, तेच आज छोट्या प्रमाणात करून बघायचं. राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्था अशी मोजमापं देशभर करते; खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र धरणं आणि बोगद्यांच्या खडकांच्या चाचण्या करतं.

मोजमाप हाती असूनही खडक किती जेरीस आणतो हे कॅनडात नायगाऱ्याला दिसलं. २०१३ मध्ये पूर्ण झालेला तिथला सुमारे दहा किलोमीटरचा पाण्याचा बोगदा चौदा मीटरांहून मोठ्या व्यासाच्या यंत्राने खोदला. आडव्या थरांचा मऊ शेल खडक आणि त्यात मोठा आडवा दाब. यंत्राने गोल भोक पाडावं आणि छतातून थरामागून थर निसटून यावेत, असं होत राहिलं. छत कित्येक ठिकाणी मीटरच्या मापात वर खाल्लं गेलं, बोगद्याची वाट मध्येच वर घ्यावी लागली, आणि छत पुन्हा गोल करूनच अस्तर ओतता आलं. त्या अस्तरामागे सिमेंटचा रस दाबाने भरून काँक्रीटला आधीच आवळून ठेवलं, म्हणजे आत पाणी भरल्यावर ते ताणाखाली येणार नाही. बाजूचा दाब ज्याने छत खाल्लं, तोच आता कृत्रिमरीत्या अस्तराच्या अंगी आणला गेला.

आपल्याकडे कोयनेच्या पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहाने १९६२ पासून सह्याद्रीच्या बेसॉल्टची ओळख करून दिली. कळसूबाईपासून फार दूर नसलेला समृद्धी महामार्गाचा इगतपुरीचा जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा जून २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. मुंबईकडे निघालेली गाडी त्यातून काही मिनिटांत सह्याद्रीची धार ओलांडते. आणि आता सूर्य आणि वाऱ्याची वीज साठवायची म्हणून सह्याद्रीत उदंचनाचे नवे प्रकल्प येत आहेत. भिवपुरी आणि शिरवत्याला टाटा पॉवरचे दोन मोठे प्रकल्प जाहीर झाले आहेत. कड्याच्या वर एक तलाव, खाली एक, मध्ये बोगदे. जागा बदलली की थर बदलणार, कड्याची दिशा बदलणार, आडव्या दाबाची पट बदलणार. घाटघरचा आकडा भिवपुरीला चालणार नाही. तिथे पुन्हा एक चाचणीचा बोगदा खोदावा लागेल, त्यात भोकं घ्यावी लागतील, खाचा कापाव्या लागतील, आणि पोलाद कुठून सुरू करायचं ते त्यानंतरच ठरेल.